ओवा, शेपा, हिंग: गाजराच्या कुळातल्या औषधांचे तुमचे अनुभव लिहा

धणे, जिरं, ओवा, बडीशेप, हिंग ही सगळी गाजराची भावंडं. छत्रीसारखा फुलोरा ही त्यांची खूण. सुरुवात मी करते. लेक दीड महिन्याची असताना रोज संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन कळवळायची. आईने कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लावला. थोड्या वेळात वारा सरला आणि ती निजली. आईच्या हाताच्या उबेचाही त्यात वाटा असणार. इतक्या लहान बाळाला हिंग पोटात मात्र देऊ नका, बाधतो. गुण आला तो लिहा, त्रास झाला तोही लिहा.

* * *

नाक चोंदलं की ओव्याची पुरचुंडी! मंद आचेवर कोरडा भाजायचा, वास उठला की लगेच उतरवायचा, मग चुरडून फडक्यात बांधून हुंगायचा. तो झणझणीत वास थायमॉलचा. तेच माउथवॉशमध्येही असतं.

* * *

लघवीच्या जळजळीवर तीन दिवस नुसतं धण्याचं पाणी पीत बसले. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप, जंतुसंसर्ग, अँटिबायोटिक. पाणी प्या, पण तपासणी लांबवू नका.

* * *

माझ्या हातावर कोड आहे. डॉक्टरांनी मेथॉक्सालेन लावून, मोजून-मापून अतिनील किरण द्यायला सुरुवात केली. सातव्या आठवड्यात पांढऱ्या डागात केसांच्या मुळाशी तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले. मी कितीतरी वेळ हात उजेडात धरून बघत होतो. हे औषध याच कुळातल्या आम्मी माजुसमध्ये सापडतं. इजिप्तमध्ये त्याच्या बिया वापरून कोड उन्हात धरायची रीत फार जुनी. 1940च्या दशकात तिथल्याच संशोधकांनी त्यातलं द्रव्य वेगळं केलं. एकदा औषध लावल्यावर हात न झाकता उन्हात गेलो, तर टरारून फोड आले. घरी प्रयोग करू नका.

* * *

वनस्पतिशास्त्र शिकताना ओढ्याकाठी गाजरासारखा पाला दिसला म्हणून उपटायला वाकले. सरांनी मनगट धरलं आणि दांडी दाखवली: गुळगुळीत, पोकळ, जांभळे ठिपके असलेली. हेमलॉक. इसवी सनपूर्व 399मध्ये सॉक्रेटिसला दिलं ते विष. तेव्हापासून नुसती छत्री बघून मी कुठल्याही रानझाडाचं पान तोंडात घालत नाही.