घोट्याचं फ्रॅक्चर जुळलंय, आता चालणं सुरू करू की आधी घर आवरू? (बडोदा)

मांडवीची_सून
नमस्कार. उत्तरायणला अगाशीवरून उंधियूचं पातेलं घेऊन उतरत होते, शेवटच्या पायरीवर डावा पाय मुरगळला आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग वॉकर, आता काठी. एक्स-रे चांगला आलाय, डॉक्टर म्हणाले पायावर पूर्ण भार द्या, हळूहळू चालायला लागा. पण हळूहळू म्हणजे किती ते काही कळलं नाही.

आधी मी रोज सकाळी कमाटीबागेत चाळीस मिनिटं चालायचे, दहा वर्षांची सवय. ती तर गेलीच, पण घराचीही घडी पार विस्कटलीय. ह्यांनी, मुलाने आणि सासूबाईंनी तीन महिने सगळं सांभाळलं, त्यांच्यामुळेच निभावलं, पण मसाल्याचा डबा फ्रिजवर, वाळलेले कपडे दिवाणावर, औषधांच्या पिशव्या देवघराखाली, आणि त्यात वर्षाचा गहू येऊन पडलाय, तो निवडून दिवेल (एरंडेल तेल) लावून भरायचाय. गेल्या रविवारी म्हटलं एकदाच काय ते उरकून टाकू, चार तास उभी होते, रात्री पाय इतका सुजला की चप्पल जाईना आणि बुधवारपर्यंत बागेचं नावच नाही. पाय वर घेऊन बसले की घर पसरतं, घर आवरलं की पाय सुजतो. खरं सांगते, रडू आलं. दोन्हीतलं आधी काय करू?

नवापुरा_७१
ताई, माझा गुडघ्याचा लिगामेंट गेला होता तेव्हा मीही हेच केलं, एका दिवसात सगळं. दोन आठवडे मागे गेले. एकदम करू नका, बस.

फिजिओ_अलकापुरी
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचा पाय बघितलेला नाही म्हणून हे सर्वसाधारण सांगतेय, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी काय आणि नंतर काय असा प्रश्नच नाहीये, कारण पायाला बाग आणि ओटा यातला फरक कळत नाही. चार तास ओट्याशी उभं राहणं म्हणजे त्या पायाने चार तास काम केलं. तुम्ही फक्त चालणं मोजताय आणि घरकाम मोजतच नाही, तिथे गणित चुकतंय. दिवसाचा एकच हिशेब ठेवा. ज्या दिवशी कपाट काढाल त्या दिवशी बाग दहाच मिनिटं, आणि बागेत जास्त चाललात तर घरी बसून करायची कामं. पंधरा-वीस मिनिटं उभं, मग दहा मिनिटं आडवं होऊन पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. नुसतं पाटावर पाय ठेवून सूज उतरत नाही.

किती वाढवायचं ते दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. काम करताना थोडं दुखलं, संध्याकाळी थोडी सूज आली तर चालेल, ती काही महिने येतच राहते. पण सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखत किंवा सुजलेलं असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वेळ नाहीतर वेग.

हाड जुळलं तरी प्लास्टरमध्ये पोटरी बारीक होते आणि पायाचा तोलही जातो, म्हणून पुन्हा मुरगळण्याची भीती. शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजून बघा, फरक दिसेल. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओटा धरून दोन्ही टाचा दहादा उचला. ते सहज जमायला लागलं की एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, हात ओट्याजवळच. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी लिहा, घोटा मोकळा होतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी उजव्या हातात धरा, डावा पाय दुखरा आहे ना, बरेच जण उलटं धरतात.

पोटरी अचानक दुखायला लागली, गरम किंवा लाल झाली, एकाच पायाला सूज वाढली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत. रक्ताची गाठ असू शकते, त्यात थांबायचं नाही.

दांडियाबाजार_काका
सूनबाई, मी लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचो. आजारातून उठून आलेल्या मुलाला तिथे पहिल्याच दिवशी सगळे जोर मारू देत नसत, पाच म्हणजे पाच, सहावा काढला तर ओरडा बसायचा. तुम्हीही काळ्या घोड्याच्या गेटमधून आत शिरा, फुलांच्या घड्याळापर्यंत जा, बाकावर बसा, परत या. आठवडाभर तेवढंच. सकाळी सहाला, एप्रिलचं ऊन आपल्याकडे साडेआठलाच लागतं.

आणि कोणी सांगितलं म्हणून जोरात मालीश करून घोटा ओढून घेऊ नका. नुकतं जुळलेलं हाड आहे.

वाडी_वाली
मला त्या गव्हाची काळजी वाटतेय. दिवेल लावताना फरशीवर थेंब पडतात आणि त्यावरून चांगला पायही घसरतो. यंदा ते काम ह्यांना आणि मुलाला द्या, तुम्ही खुर्चीवर बसून टेबलावर ताटात निवडा. आणि पूर्ण घर डोळ्यासमोर आणूच नका. माझं सिझेरियन झालं होतं तेव्हा आईने फक्त तीन जागा ठरवल्या होत्या, ओटा, बाथरूमची वाट आणि पलंगाच्या बाजूची जमीन. तेवढ्या रोज मोकळ्या, बाकी राहू दे. रोजची भांडी कंबरेच्या उंचीवर आणा, वाकायचं नाही आणि स्टुलावर तर चढायचंच नाही. पायपुसणं सरकत असेल तर आजच उचला.

मांडवीची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. काठी मी डाव्याच हातात धरत होते, आज बदलली, लगेच फरक पडला. पोटऱ्या मोजल्या, डावी दोन सेंटीमीटर बारीक आहे, ते पाहून वाईट वाटलं पण निदान कळलं तरी. मुलाने पायपुसणं उचललं आणि मसाल्याचा डबा ओट्यावर आणून ठेवला. गव्हाचं ह्यांना सांगितलंय, रविवारी बापलेक बसतील.

फिजिओताई, एक विचारायचं राहिलं, बागेत जाताना घोट्याला क्रेप बँडेज बांधू का, की नुसतेच बूट चालतील?

फिजिओ_अलकापुरी
टाच पक्की धरणारे, लेसवाले बूट घाला, चप्पल नको. बँडेजचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण बांधलंत तर रात्री झोपताना सोडा, आणि बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. पहिल्या आठवड्यानंतर सकाळची सूज किती आहे ते इथे लिहा.