आरव्हीतला हिवाळा: मुलाबाळांसह, आजी-आजोबांसह तुम्ही काय काय केलेत?

उन्हाळी पाखरू
आमच्या मिनेसोटात आज पुन्हा गुडघाभर बर्फ साचले आहे, आणि खण आवरताना लेकीचे ‘ज्युनिअर रेंजर’चे (अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत मुलांना मिळतात ते) जुने बिल्ले हाती लागले, म्हणून हा धागा काढत आहे. मुले लहान असताना आम्ही एक हिवाळा ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळ, ला पोसा येथील सरकारी जमिनीवर आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, काढला. तेथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात दीर्घ मुक्काम करता येतो आणि त्या वेळी पूर्ण मोसमाच्या परवान्याला १८० डॉलर पडत. वीज आणि नळ गाडीपर्यंत येत नाहीत. पाणी भरून आणावे लागते आणि सांडपाणी ठरलेल्या जागी नेऊन सोडावे लागते.

“मुले दिवसभर करणार काय?” असे जो तो विचारत होता. प्रत्यक्षात मुलांना सर्वांत जास्त रमवले ते पाण्याच्या हिशेबाने. टाकी जेमतेम दीडशे लिटरची आणि खाणारी तोंडे पाच. सासूबाई बीडकडच्या, दुष्काळात वाढलेल्या. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सूत्रे हाती घेतली. ताटे आधी कागदाने कोरडी पुसायची, मग तांदूळ धुतलेल्या पाण्यात विसळायची आणि शेवटी त्यांवरून तांब्याभर स्वच्छ पाणी फिरवायचे, हा त्यांचा क्रम मुलांनी शाळेतल्या धड्यापेक्षा लवकर आत्मसात केला. टाकीच्या पातळीचे दिवे पाहून धाकटा रोज तक्ता भरत असे आणि कोणी नळ सोडून दात घासू लागले की आजीकडे रीतसर तक्रार नोंदवत असे.

गावातल्या ‘हाय जॉली’च्या समाधीवर तर मुले पुन्हा पुन्हा जात. ‘हाय जॉली’ हा ‘हाजी अली’ या नावाचा अपभ्रंश. अमेरिकी सैन्याने १८५६ मध्ये वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर हाजी अली उंट हाकणारे म्हणून आले आणि १९०२ मध्ये येथेच वारले. समाधी पिरॅमिडसारखी असून वर तांब्याचा उंट आहे. तुमचेही अनुभव अवश्य लिहा.

मीठभाकर
फोडणीचे काय केलेत, ते आधी सांगा. आमच्या गाडीत मोहरी तडतडली रे तडतडली की धुराचा गजर बोंबलू लागायचा. शेवटी यजमानांनी शेगडी बाहेर छपरीखाली मांडली, आणि तेव्हापासून स्वयंपाक ही सगळ्या कुटुंबाची करमणूकच होऊन बसली. संक्रांतीला तिळगुळाचा पाक मी बाहेरच केला. शेजारच्या गाडीतल्या, कॅनडातील मॅनिटोबाच्या आजोबांनी लाडू वळायला हात लावला आणि चटका बसल्यावर काय म्हणाले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

गारठलेला
आम्ही फ्लोरिडाला जातो. ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कमधील झऱ्याचे पाणी बारमाही सुमारे २२ अंश सेल्सिअस असते. नदीचे पाणी २० अंशांच्या खाली गेले की मॅनटी, म्हणजे पाणगायी, ते सोसू शकत नाहीत आणि झऱ्यात गोळा होतात. त्यामुळे गंमत अशी की जितकी थंडी अधिक, तितकी गर्दी अधिक. मुलांना काठावरच्या लाकडी वाटेवरून मोजायला लावायचे. दोघांचा आकडा कधीच जुळत नाही आणि त्या वादात सकाळ आनंदात जाते. हिवाळ्यात त्या झऱ्यात पोहायला बंदी असते, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, नाहीतर तेथे भोकाड पसरले जाते.

हुरडाप्रेमी
आम्ही नाशिककर थंडीत शेतावर हुरडा खायला जातो आणि संध्याकाळी आपल्या घरी परततो. घरच बरोबर घेऊन हिंडायचे हे वाचून हेवा वाटला. सांडपाण्याचा उल्लेख वाचून तो थोडा ओसरला. ते काम घरात नेमके कोण करते?

काकू, कॅलगरी
माझ्या नातवंडांचे आणि ह्यांचे रात्रीचे वेळापत्रक ठरलेले असे. टेक्सासच्या पाद्रे आयलंड नॅशनल सीशोअरवर आम्ही समुद्राला लागूनच गाडी उभी करत असू. ह्यांनी नातीला आधी मृग नक्षत्र दाखवले, मग व्याधाचा तारा, आणि मग व्याधाच्या खाली, दक्षिणेच्या क्षितिजाजवळ अगस्तीचा तारा. कॅनडातल्या आमच्या कॅलगरीच्या अक्षांशावरून अगस्ती कधीच उगवत नाही, त्यामुळे पोरीने तो जन्मात पाहिला नव्हता. जानेवारीच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास तो तेथे सर्वांत वर येतो, तरी क्षितिजापासून जेमतेम दहा अंश. हात लांब करून मूठ धरली तर साधारण तेवढेच अंतर भरते. नात रोज मूठ धरून मापायची आणि ढग असले की आजोबांनाच रागे भरायची. दिवसा मात्र ह्यांना वारा सोसत नसे. वाऱ्याने वाळू उडते आणि पोहे, चादरी, चष्मा, सगळीकडे जाऊन बसते. मीठभाकरताई, तिथे बाहेर शेगडी मांडण्याची सोयच नव्हती. मी फोडणी विनागजर कशी करायची ते शिकले. तेल मंद आचेवर तापवायचे, मोहरीवर झाकण ठेवायचे आणि खिडकी आधीच उघडायची.

मीठभाकर
काकू, झाकणाची युक्ती उद्याच करून बघते.

उन्हाळी पाखरू
हुरडाप्रेमी, ते काम मुलांच्या बाबांकडे होते. हातमोजे चढवून ते निघाले की मुले एरवी आवडता असलेला पत्त्यांचा डाव अर्धवट टाकून, पुरेसे अंतर राखून सूचना द्यायला मागे जात. काकू, ला पोसाहून अगस्ती दिसतो का, हे सासूबाई आत्ता विचारत आहेत. तेथून तो क्षितिजाच्या जेमतेम तीन-चार अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेला डोंगर असला तर दिसणे कठीण; त्यांना पुढच्या वेळी टेक्सासलाच न्यावे लागणार, असे दिसते.