मायक्रोस्कोपिक कोलायटिस: खाणे सोडत सोडत आता ताटात काही उरलेले नाही

प्रश्न (अर्धीभाकरी):

नमस्कार. माझे वय ५८ आहे. जवळपास वर्षभर मला दिवसातून सात-आठ वेळा पाण्यासारखे जुलाब होत होते आणि रात्रीही एक-दोनदा उठावे लागे. कोलोनोस्कोपीत आतडे अगदी निरोगी दिसल्यामुळे आधी सगळे खापर माझ्या काळजीखोर स्वभावावर फुटले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतील तुकडे बायोप्सीला पाठवले, तेव्हा लिम्फोसायटिक प्रकारचा मायक्रोस्कोपिक कोलायटिस, म्हणजे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा मोठ्या आतड्याचा दाह, असल्याचे निदान झाले. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड रोज ९ मिलिग्रॅम याप्रमाणे आठ आठवडे घेतले आणि पंधरवड्यातच आराम पडला, परंतु औषध थांबवल्यावर दोन महिन्यांत दुखणे परत आले.

दरम्यान ज्याने जे सांगितले ते मी सोडत गेले: दूध, गहू, कडधान्ये, कच्च्या भाज्या, बहुतेक फळे. आता भात, उकडलेला बटाटा, केळे आणि अंडे एवढेच खाते. वजन पाच किलोंनी उतरले आहे आणि जुलाब अजूनही चार-पाच वेळा होतातच. आणखी काय सोडावे, की मी चुकीच्याच मार्गाने चालले आहे? ॲसिडिटीची गोळी रोज आणि गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी अधूनमधून घेते, हेही सांगून ठेवते.

प्रतिसाद १ (जुनाखेळाडू):

आपल्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके, ओमेप्राझोल किंवा लॅन्सोप्राझोलसारखी आम्लरोधके आणि नैराश्यावरील सर्ट्रालीन यांसारखी काही औषधे यांचा या आजाराशी संबंध आढळलेला आहे, त्यामुळे ताटातले काही कमी करण्याआधी औषधांच्या डब्यात डोकावावे. स्वतःच्या मनाने मात्र गोळी बंद करू नये. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

दुसरे असे की, अमुक एका पदार्थामुळे हा दाह होतो असे सिद्ध झालेले नाही. लिम्फोसायटिक प्रकारात अस्तराच्या दर शंभर पेशींमागे वीसहून अधिक लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) दिसतात, तर कोलॅजिनस प्रकारात अस्तराखालचा कोलॅजेन या प्रथिनाचा थर दहा मायक्रोमीटरहून जाड झालेला असतो. दोन्हींत आतड्याची पाणी व क्षार शोषून घेण्याची ताकद घटते. आधीच पाणी न पेलणाऱ्या आतड्यात कॉफी, मद्य, फार तेलकट जेवण किंवा न पचलेली दुग्धशर्करा भर घालते, एवढाच आहाराचा वाटा. म्हणून पथ्याने त्रास पुष्कळ कमी होतो, पण तेवढ्याने आतला दाह गेला असे समजू नये.

गहू सोडण्यापूर्वी सीलिॲकची, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी झाली होती का? हे दोन आजार एकाच व्यक्तीत सापडण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असते, आणि गहू बंद करून बराच काळ लोटला असेल तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

प्रतिसाद २ (सव्वाग्रॅम):

मला कोलॅजिनस प्रकार आहे आणि सहा वर्षे मी याच्यासोबत राहतो आहे. निदान झाल्यावर मी सिगारेट सोडली, कारण धूम्रपानाने हा आजार होण्याचा धोका वाढतो असे डॉक्टरांनी बजावले होते. जुलाब मात्र वाढले. कंटाळून मी एक साधी वही घातली आणि तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वेळेसकट तीत लिहू लागलो. दहाव्या दिवशी पान चाळताना दिसले की, दोन जेवणांच्या मधल्या रिकाम्या रकान्यांत एकच शब्द आठ-नऊ वेळा लिहिलेला होता: च्युइंगम. सिगारेटची तलफ मारण्यासाठी मी ते साखरविरहित च्युइंगम दिवसभर चघळत होतो. त्यातले सॉर्बिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नीट शोषले जात नाही आणि आतड्यात पाणी ओढून घेते; एका तुकड्यात साधारण एक-सव्वा ग्रॅम धरले तरी हिशेब दहा ग्रॅमच्या आसपास जातो, आणि तेवढ्याने धडधाकट माणसाचेही पोट बिघडू शकते. सिगारेट सुटली ती सुटलीच. च्युइंगमही सोडले आणि चार दिवसांत रात्रीचे उठणे थांबले.

तेव्हा माझे सांगणे उलट दिशेचे आहे. आपण आणखी काही सोडू नका, परत घ्यायला लागा. एका वेळी एकच पदार्थ, आधी थोडा, मग नेहमीएवढा. तीन-चार दिवस पाहा आणि मगच पुढच्याकडे वळा. पाच गोष्टी एकदम सोडल्या की कोणती दोषी होती, हे कधीच कळत नाही. दुधाची शंका असेल तर लॅक्टोजविरहित दूध घेऊन पाहावे, म्हणजे कॅल्शियमही तुटणार नाही. कच्ची कोशिंबीर मला आजही सोसत नाही, पण शिजवलेले गाजर आणि साल काढलेले सफरचंद व्यवस्थित चालते.

प्रतिसाद ३ (दुपारपाळी):

वहीच्या उपायाशी सहमत, पण ती जन्मभर लिहू नये. मी दोन वर्षे लिहिली आणि शेवटी जेवणाचीच धास्ती बसली. महिनाभर पुरे. आठवड्याच्या सरासरीने दिवसाला तीनपेक्षा कमी वेळा शौचास होत असेल आणि त्यात पाण्यासारखे दिवसाला एकदाही होत नसेल, तर आजार शांत आहे असे मानतात. एवढे दोनच आकडे पुढे लिहीत राहावे.

आणि ब्युडेसोनाइड थांबवल्यावर दुखणे उलटणे अतिशय सामान्य आहे, तो आपल्या पथ्याचा पराभव नव्हे. मला रोज ३ मिलिग्रॅमची गोळी पुढे चालू ठेवावी लागली, सोबत हाडांची घनता तपासून घेतली. ती चालू असताना ग्रेपफ्रूट खाऊ नये, कारण त्याने रक्तातले औषध वाढते.

अर्धीभाकरी:

सर्वांचे आभार. सीलिॲकची तपासणी झालीच नव्हती, हे जुनी कागदपत्रे काढल्यावर लक्षात आले. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती होईपर्यंत रोज गहू खायचा आहे. ॲसिडिटीची गोळी हळूहळू कमी करून पाहू, असेही ते म्हणाले. आणि 'सव्वाग्रॅम' यांचा प्रतिसाद वाचून मी गुडघ्यांच्या गोळीसोबत घेत असलेल्या खोकल्याच्या चघळायच्या वड्यांचे वेष्टन वाचले. घटकांत पहिलेच नाव सॉर्बिटॉलचे आहे. वही आजपासून सुरू केली आहे.