शेजारच्या कुत्र्यापासून मोकळ्या कोंबड्या कशा वाचवायच्या? (भांडण न करता)

परड्यातली काकू:
आमचं घर लांजा तालुक्यातल्या एका वाडीत. मागे परडं, त्यात आंब्याची कलमं नि एक जुना फणस, सड्याकडच्या बाजूला चिऱ्यांचा गडगा. गडगा जेमतेम कमरेएवढा. कोंबड्या बहुतेक गावठी, दोन-तीन गिरिराजा. सकाळी सातला खुराडं उघडते, मूठभर कणी टाकते, मग त्या दिवसभर पातेरा उकरत फिरतात. संध्याकाळी आपल्या आपण आत. इतकी वर्षं मुंगूस आणि घार सोडली तर त्रास नव्हता.

गडग्यापलीकडे माझ्या चुलत दिरांचं घर. त्यांच्या मुलाने ठाण्याहून कुत्रा आणून इथे ठेवलाय, फ्लॅटमध्ये झेपेना म्हणून. अर्धा लॅब्राडोर, नाव ब्रूनो. माणसाला अगदी गरीब. माझ्या नातीच्या हातची बिस्किटं खातो. पण कोंबडी फडफडली की संपलं. भूक म्हणून मारत नाही हो. पाठीला धरतो, दोन झटके देतो, टाकतो नि दुसरीमागे धावतो. अंड्यावर आलेल्या तलंगा गेल्या, आणि परवा राखणीसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, ठेवलेला कोंबडा गेला. त्याची पिसं न्हाणीपासून विहिरीपर्यंत, आणि पाठ लाळेने चिंब.

भावजींकडे गेले तर म्हणाले, "वैनी, त्ये मुंगसाचं काम आसंल." मी मागच्या दारात उभी राहून बघितलंय. तरी मुंगूसच.

आमचा गणपती एकच, मोठ्या घरात. विहीरही सामाईक. त्यामुळे पोलीस-बिलीस मला नको. पक्कं कुंपण घालायला पैसे नाहीत आणि कोंबड्या कायम कोंडायच्या असतील तर पाळायच्या कशाला? एक तलंग वाचली आहे, पाठीचं कातडं फाटलंय. तिचं काय करू तेही सांगा.

रांगडा गडी:
काकू, भाकरीत काहीतरी घालून द्या, एका रात्रीत विषय संपेल. आमच्याकडे असंच करतात.

तालुक्याचा वकील:
वरच्या सल्ल्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. विष घालून जनावर मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय तो तुकडा कोण खाईल याचा नेम नाही. तुमची नात त्याच परड्यात खेळते.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी दोन गैरसमज काढून टाकतो. लोक त्याच संहितेचं कलम 291 (जनावराबाबत निष्काळजीपणा) दाखवून शेजाऱ्याला धमकावतात, पण ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला धोका असेल तेव्हाचं, कोंबड्यांसाठी नाही. आणि गुरांसारखा कुत्रा कोंडवाड्यात घालता येत नाही, 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या जुन्या कायद्याच्या यादीत गाई-म्हशींपासून डुकरा-बकऱ्यांपर्यंत सगळं आहे, कुत्रा नाही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होऊ शकतो, पण चार कोंबड्यांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? वनखात्याची भरपाईही वन्यप्राण्याने मारलं तरच. तेव्हा तुमची तंटामुक्ती समिती अजून जागी असेल तर तिथे, नाहीतर भावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यासमोर बोला. त्याआधी मोबाईलवर व्हिडिओ घ्या. भांडायला नाही, मुंगसाचा विषय मिटवायला.

गुहागरचा कोंबडीवाला:
ताई, मी अंड्यांसाठी कोंबड्या ठेवतो, सगळ्या मोकळ्या. किनाऱ्याजवळ असल्यामुळे भटकी कुत्री पाचवीला पुजलेली. तुमचं वर्णन वाचलं, ते कुत्र्याचंच काम. मुंगूस मान नि डोकं धरतं, रानमांजर कोंबडी उचलून नेतं, मागे पिसांची रांग राहते. पाठ चावून, ओली करून तिथेच टाकणं हा कुत्र्याचा खेळ.

पहिलं काम बिनपैशाचं. सातला सोडू नका. कोंबडी अंडं बहुतेक सकाळी घालते, दहा-साडेदहापर्यंत आत ठेवली तर अंडी खुराड्यातच मिळतात, करवंदीच्या जाळीत शोधत फिरावं लागत नाही. पाणी नि कणी आत द्या. तुमचा ब्रूनो कधी सुटतो ते बघा. बहुतेक घरांत कुत्रा सकाळी मोकळा करतात, तेव्हाच त्याच्या अंगात जास्त मस्ती असते. उन्हं चढली की पडवीत लोळतो. तुमच्या कोंबड्या त्या वेळेला बाहेर असू देत, आणि तिन्हीसांजेला त्या येतातच.

दुसरं, कुंपण. बाजारातली षटकोनी कोंबडीजाळी आणू नका, ती कोंबडी आत ठेवायला ठीक, मोठा कुत्रा दातांनी फाडतो. वेल्डमेश चांगली पण महाग. आमच्याकडे उपाय म्हणजे मासेमारीचं जुनं जाळं. बंदरावर टाकाऊ जाळी वजनावर मिळतात. गडग्याच्या वर बांबू रोवून जाळं साडेपाच-सहा फुटांपर्यंत न्या, पण वरची कड ताणू नका, सैल लोंबती ठेवा. कुत्रा उडी मारण्याआधी पाय टेकायला घट्ट काठ शोधतो. हलणाऱ्या जाळ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. गडगा नसेल तिथे खालची बाजू हातभर बाहेर जमिनीवर पसरून त्यावर चिरे ठेवा. कुत्रा कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतो. तिथे जाळं लागलं की मागे सरून उकरायची अक्कल त्याला सहसा नसते. एकच त्रास: धामण अडकते. सकाळी एक फेरी मारा, अडकली असेल तर सर्पमित्राला बोलवा, स्वतः कापत बसू नका.

झटका मशीनचं कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. डुकरांसाठी शेतात लावतात तेच, बॅटरीवर चालतं, क्षणभराचा झटका देतं. एक तार वीतभर उंचीवर, दुसरी गुडघ्याएवढी. कुत्र्याचं ओलं नाक एकदा लागलं की पुन्हा येत नाही, कोंबडीला पिसांमुळे फारसं जाणवत नाही. पण तुमचा सडा म्हणजे कातळ. कातळाला अर्थिंग धरत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. त्यासाठी अर्थिंगची वेगळी तार सोबत ओढावी लागते. पावसात गवत तारेला टेकलं की जोर जातो, म्हणजे दर आठवड्याला कोयती. आणि घरातल्या लाइनची तार कुंपणाला जोडायचा विचार कोणीही करू नका. त्याने माणसं मेली आहेत.

जखमी तलंग: आधी वेगळी डालग्याखाली ठेवा, बाकीच्या रक्त बघून टोचतात. जखमेभोवतीची पिसं कापा, कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा. सध्याच्या दिवसांत माशी बसली की दोन दिवसांत अळ्या, म्हणून डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाका. खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, टाका घालतात. मेलेल्या मात्र खाऊ नका, पुरा.

दोन कुत्र्यांची मालकीण:
कुत्रा बाळगणाऱ्यांच्या बाजूने थोडं. हा कुत्रा दुष्ट नाही, रिकामा आहे. लॅब्राडोर ही उचलून आणण्यासाठी घडवलेली जात, तिला दिवसभर काम नसलं तर फडफडणारी कोंबडी म्हणजे चालता-बोलता चेंडू. सकाळी कोणीतरी त्याला तासभर दमवलं पाहिजे. तो नर असेल तर नसबंदी केल्यावर भटकणं बरंच कमी होतं, पण कोंबड्यांमागे धावणं त्यानेच थांबेल असं समजू नका, ती वेगळी खोड.

गावात सांगतील की मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधा. काही होत नाही, नुसती दुर्गंधी नि क्रूरपणा. चोवीस तास साखळीही नको, बांधलेला कुत्रा सुटला की दुप्पट उधळतो. लांब दोरीला धरून लांबूनच कोंबड्या दाखवायच्या, नजर त्यांच्यावरून काढून माणसाकडे वळवली की सुक्या मासळीचा तुकडा. हे रोज, मालकाने करायचं. काकू, तुम्ही नाही. आणि ब्रूनोच्या गळ्यात घुंगरू बांधायला सांगा. एवढ्याला भावजी नाही म्हणणार नाहीत, आणि तुमच्या कोंबड्यांना आधीच कळेल.

परड्यातली काकू:
सगळ्यांचे आभार. तलंग दवाखान्यात नेली, टाके पडले, कणी खायला लागली आहे. आता डालग्याखालून ओरडून घर डोक्यावर घेतलंय.

व्हिडिओ घेतला. भावजींना दाखवला नाही, जावेला दाखवला. ती बघत राहिली नि म्हणाली, राखणीचा कोंबडा गेला हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला राखणदाराची फार धास्ती. दुसऱ्या दिवशी ब्रूनोच्या गळ्यात बैलाचं घुंगरू होतं आणि सकाळी दहापर्यंत तो पडवीच्या खांबाला. भावजी अजूनही मुंगूसच म्हणतात, म्हणोत. कोंबड्याच्या पैशाचं मी काढलं नाही. जाऊबाईंनी स्वतःच्या खुराड्यातला एक लाल कोंबडा आणून सोडला, तेवढ्यावर मी गप्प.

पण पुतण्या सुट्टीला आला की कुत्रा मोकळाच सुटणार, म्हणून जाळं घालतेच आहे. साखरी नाट्याकडे माणूस सांगून ठेवलाय. जाळ्याची आस, म्हणजे भोकं, केवढी घेऊ?

गुहागरचा कोंबडीवाला:
दोन बोटं जातील एवढी, त्याहून मोठी नको. मोठ्या आसेत कोंबडी मान घालते आणि पिल्लं पलीकडे जातात. जाड दोऱ्याचं मागा, बारीक नायलॉनचं दिलं तर परत करा, ते उन्हाने वर्षात तुटतं. आणि वजन करण्याआधी झटकून घ्या, ते वाळूसकट तोलतात.