मदत हवी आहे: देवबागला कर्ली खाडीत गाईडबरोबर गरवायला जायचंय, बाबा मुरलेले आणि लेक नवशिकी

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. इथे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडचे बरेच जण आहेत, म्हणून थेट विचारते.

दिवाळीत आम्ही सगळे पुण्याहून तारकर्ली-देवबागला चाललो आहोत. एक सकाळ गाईड घेऊन खाडीत गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जायचं आहे. खोल समुद्रात जायचं नाही. कर्ली खाडी आणि फार तर संगमाच्या आतली बाजू, एवढंच.

आम्ही चौघं आहोत आणि चौघांची चार तऱ्हा. बाबा सत्तरी ओलांडलेले. त्यांचं लहानपण देवगडच्या खाडीकाठी गेलं. रॉड त्यांनी कधी हातात धरला नाही, सगळं हातदोरीवर. डाव्या तर्जनीच्या पेरावर तंगुसाने (नायलॉनच्या दोरीने) पडलेली बारीक चर अजून दिसते. त्या बोटावर दोरी टेकवून ते डोळे मिटून सांगायचे, आता काळुंदर टोचतेय, आता खेकडा ओढतोय. आता गुडघे गेलेत, त्यामुळे होडीत चढ-उतार जपूनच करावी लागेल.

भाऊ बऱ्यापैकी तयार आहे. स्वतःचे रॉड, रीळ, लूर (खोटी आमिषं) सगळं बाळगतो, अंदमानला जाऊन आलाय. त्याला जिताडा हवाय, किंवा तांबोशी. लेक नऊ वर्षांची, तिने गळ फक्त चित्रात पाहिलाय. आणि मी. मी बाबांच्या शेजारी बसून आमिष लावून द्यायचे, तेवढाच माझा अनुभव.

मागच्या वर्षी किनाऱ्यावर दुसऱ्या एका ठिकाणी अशीच सहल केली होती. जाहिरातीत ‘नवशिक्यांपासून अनुभवींपर्यंत सर्वांसाठी’ असं लिहिलेलं. बाबांनी पिशवीतून दोरी काढली तर गाईड म्हणाला, "काका, दोरी नाही चालणार, रॉडच वापरायचा." लेकीच्या हातात रॉड दिला, पण मासा लागल्याबरोबर काढून घेतला, स्वतः रीळ फिरवून मासा वर आणला आणि फोटोपुरता तिच्या हातात ठेवला. निघालो दुपारी बाराला, पाणी ढिम्म. जॅकेटं होती, पण मुलांच्या मापाचं एकही नाही. बाबा परतताना काही बोलले नाहीत, आणि मला त्याचंच फार लागलं.

यावेळी तसं व्हायला नको. बाबांना त्यांच्या पद्धतीने गरवता यावं, लेकीने स्वतःच्या हाताने मासा ओढावा, भावालाही त्याचा खेळ मिळावा. मासे कमी मिळाले तरी चालतील.

मला विचारायचंय ते असं: या सगळ्यांना एका होडीत नेणं शक्य आहे का, की दोन होड्या कराव्यात? भाऊबीजेचा दिवस धरलाय, तो बरा की पुढे ढकलू? आणि फोनवर काय विचारलं म्हणजे गाईड कसा आहे ते कळेल?

कर्लीकाठ

ताई, आधी दिवसाचं बोलू. बाकी सगळं त्यावर ठरतं.

भाऊबीज म्हणजे शुद्ध द्वितीया. अमावास्येचं उधाण अजून उतरलेलं नसतं. खाडीत ओढ जोरदार असते, पाणी गढूळ असतं. हातदोरीला शिसं वाढवत बसावं लागेल आणि लहान मुलीला तर तळ लागतोय की नाही तेही कळणार नाही. त्यापेक्षा तीन दिवस थांबा आणि पंचमी धरा.

बाबांना विचारा, त्यांना हिशोब ठाऊक असणार: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. हा मुंबईकडचा आडाखा, आपल्याकडे भरती थोडी आधी लागते, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास धरा. म्हणजे सुकती, म्हणजे ओहोटी, संपणार सकाळी नऊच्या सुमारास. नक्की वेळेसाठी मार्मागोवा बंदराचं भरतीचं कोष्टक बघा, मुंबईचं नको. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, आपल्याकडे त्याच्या साधारण निम्मं. तिकडचे अंदाज इकडे लावले की फसगत होते.

उजाडताना, साडेसहाला होडी सुटली तर तुम्हाला सुकतीचे शेवटचे दोन-अडीच तास मिळतात आणि वर भरतीची सुरुवात. यापेक्षा चांगली सकाळ नाही. पाणी उतरायला लागलं की कांदळवनात शिरलेली बारीक मासळी, सुंगटं (कोळंबी), सगळी व्हाळांच्या, म्हणजे ओहोळांच्या, तोंडातून बाहेर पडते. जिताडा आणि तांबोशी नेमकी त्या तोंडाशी, कालवं लागलेल्या खडकांच्या आणि जेटीच्या खांबांच्या आडोशाला उभी असतात. भावाने लूर तिथेच टाकायचा, मुळांना जवळजवळ घासून. चार हात लांब पडला तर उपयोग नाही. तांबोशी लागली की ती पहिल्या झटक्यातच मुळांत घुसते, त्यामुळे ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट ठेवायचा, नाहीतर लूर आणि मासा दोन्ही गेले.

नऊ-साडेनऊला पाणी थांबतं. खाडीत आत गेलात तर आणखी थोडं उशिरा फिरतं. त्या वेळात नाश्ता करा. मग भरती धरली की होडी वाळूच्या कडेला नांगरून बाबा आणि मुलगी दोघांना दोरी द्या. बारीक गळ, सोललेल्या कोळंबीचा तुकडा, थोडंसं शिसं. काळुंदर, पालू, मुडदुशी, काहीतरी टोचतंच. नवशिक्याला दोरीच बरी. मासा बोटाला थेट कळतो, रिळाची भानगड नाही.

संगमाच्या तोंडाशी सुकतीला जाऊ नका. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारी लाट तिथे वाळूच्या पट्ट्यावर एकमेकांना भिडतात. होडी नाचते. गुडघे दुखणारा माणूस आणि लहान मूल बरोबर असताना तिथे काही काम नाही.

निळी होडी

एका होडीत चौघं आरामात मावतात, पण तीन रॉड एकदम फिरायला लागले की डोकी सांभाळणं मुश्कील. मी मुलांना घेऊन नेहमी जाते, तर माझा नियम सांगते. लूर फेकणारा एकच, आणि तो नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला. बाकीचे मागे बसून दोरीवर. फेकायच्या आधी मागे बघून मोठ्याने सांगायचं. भावाला म्हणावं लुरांचे तीन-तोंडी गळ काढून एकेरी लाव आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट कर. पोराच्या बोटात गेलाच तर जसा गेला तसा बाहेर येतो, आणि सोडायच्या माशालाही इजा कमी. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा, साधा गॉगलही चालतो.

दोन होड्या करू नका. तुमच्या लेकीने आजोबांच्या शेजारी बसायला हवं, आणि मामा जिताडा ओढताना तिने बघायला हवं. वेगळ्या होड्यांत गेलात तर गाईड पैसेवाल्या खेळाकडे लक्ष देतो आणि दुसऱ्या होडीत एखादा पोरगा पाठवतो.

शेंगाळ्याबद्दल मुलीला आधीच सांगून ठेवा. खाडीत तो हमखास लागतो, मिशा बघून मुलांना गंमत वाटते आणि ती हात घालतात. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. तो कपड्याने किंवा पक्कडीनेच धरायचा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, कळ उतरते, आणि मग डॉक्टरला दाखवा. मी थर्मासमध्ये गरम पाणी नेतेच.

फोनवर काय विचारायचं? "मासे मिळतील का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "पंचमीला किती वाजता निघायचं" असं विचारा. जो म्हणेल "तुम्ही सांगाल तेव्हा", त्याला धन्यवाद म्हणा आणि फोन ठेवा. जो पाण्याची वेळ सांगून त्यावरून निघायची वेळ काढेल, त्याच्याशी पुढे बोला. मग सांगा की वडील दोरीवर गरवतात. उत्तर ऐकूनच माणूस कळेल.

माहेरवाशीण

कर्लीकाठ, निळी होडी, मनापासून आभार. बाबांना तिथीचं वाचून दाखवलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी "पावणेचार" म्हटलं आणि लगेच विचारलं की व्हाळाच्या तोंडाशी तळ चिखलाचा की वाळूचा. खूप दिवसांनी त्यांना असं काही विचारताना ऐकलं.

भाऊ विचारतोय की मोठा जिताडा मिळाला तर ठेवायचा की सोडायचा? तो सोडायच्या बाजूचा आहे. बाबांना मासा सोडणं मुळीच पटत नाही, घरी आणलेला मासा सोडायचा कसा, असं त्यांचं म्हणणं. यावरून घरात आत्ताच वाद सुरू झालाय.

तंगूस

दोघांचंही ठेवता येईल. जिताडा, म्हणजे आपला चोणक, आधी नर असतो आणि काही वर्षांनी वाढून त्याची मादी होते. त्यामुळे खाडीतले मोठाले जिताडे बहुतेक माद्याच. अंडी घालायला त्या पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात उतरतात. एक मोठी मादी काढली की पुढची किती पिलावळ गेली त्याचा हिशोब बाबांसारख्या माणसाला सांगावा लागणार नाही. मोठा सोडा, मधल्या आकाराचा एखादा घरी न्या. काळुंदर आणि पालू खाण्यापुरते ठेवले तर कुणाची हरकत नसावी. काळुंदराचं तिखलं बाबांच्या हातचं होऊन जाऊ दे.

सोडायचा असेल तर नीट सोडा. हात ओले करून धरा, एक हात पोटाखाली. नुसता जबड्याला लटकवून फोटो काढू नका, एवढ्या वजनाने त्याचा जबडा आणि मणका दुखावतो. पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा, तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत.

आता थोडं रुक्ष पण गरजेचं. होडीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, तो आहे ना ते बघा. प्रवासी न्यायचा परवाना आहे का ते विचारा. शंका वाटली तर मालवणच्या बंदर कार्यालयात चौकशी करता येते. मुलीच्या मापाचं जॅकेट आहे का, ते फोटो मागवून खात्री करा, नाहीतर पुण्याहून घेऊन जा. आणि कोणी "किल्ल्याजवळ घेऊन जातो, तिथे मोठे मासे" म्हणाला तर नको म्हणा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे गरी टाकायची नाही.

दिवाळीच्या दिवसांत हवामानाचा भरवसा धरू नका. २०१९ साली ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं होतं, तेव्हा देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर समुद्र किती खवळला ते इथल्या लोकांना आठवत असेल. आगाऊ पैसे देताना आधीच बोलून घ्या: बंदरावर धोक्याचा बावटा लागला तर तारीख बदलून मिळणार की पैसे परत. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या संध्याकाळी बघा. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, असा तांडेल चांगला समजावा.

कर्लीकाठ

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. व्हाळांच्या तोंडाशी चिखल, देवबागच्या बाजूला वाळू. म्हणून दोरीचं काम वाळूकडे सांगितलं. आणि त्यांना होडीत चढवायला सकाळची ओहोटी जरा अडचणीची आहे, पाणी उतरलं की होडी लांब उभी राहते आणि चिखलातून चालावं लागतं. गाईडला सांगून जेटीवरून चढायची सोय करा. बसायला पाठ टेकणारी एक प्लास्टिकची खुर्ची मधोमध बांधून ठेवायला सांगा. आमच्याकडे म्हाताऱ्या मंडळींसाठी असंच करतात.

माहेरवाशीण

तिघांशी फोनवर बोलले. पहिले दोघे म्हणाले कधीही या. तिसऱ्याला पंचमी सांगितली तर तो क्षणभर थांबून म्हणाला, "साडेसहाक भायर पडूया, नवाक पाणी सुकतला." वडील दोरीवर गरवतात म्हटल्यावर, "दोरी आसा मगे, काळजी नको." जेटीवरून चढवायला तयार आहे, खुर्चीचंही कबूल केलं. मुलीचं जॅकेट त्याच्याकडे मोठ्या मापाचं आहे, ते मी इथूनच घेऊन येते. बावट्याचं बोलून घेतलं, तारीख बदलून देणार आहे. तीन दिवस मुक्काम वाढवलाय.

मोठा जिताडा सोडायचा, हे बाबांनी मान्य केलं. मात्र ‘मोठा’ म्हणजे केवढा ते होडीत तेच ठरवणार, अशी अट घातलीय. भावाला ती मान्य आहे.

आता एकच राहिलं. बाबांना जिवंत सुंगटंच हवीत, बर्फातली कोळंबी नको म्हणतात. गाईड म्हणतो मिळाली तर आणतो. देवबाग किंवा तारकर्लीत आदल्या संध्याकाळी पाग (फेकायचं जाळं) टाकून जिवंत सुंगटं काढून देणारं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि ती रात्रभर जिवंत कशी ठेवायची, तेही सांगा.

कर्लीकाठ

व्यनि केलाय. खाडीचंच पाणी घ्या, नळाचं अजिबात नको. पसरट घमेलं, वर ओलं गोणपाट, सावलीत. एका भांड्यात गर्दी करू नका, आणि पेन्सिल सेलवर चालणारा माशांच्या टाकीचा हवेचा पंप मिळाला तर पुण्याहून आणा. मेलेली दिसली की लगेच काढून टाका, नाहीतर बाकीचीही जातात. पहाटे निघताना पाणी एकदा बदला.