जुनी वॅगन आर घाटात तापतेय, हेड खोलण्याआधी काय बघू?

जुनी_वॅगनार:
नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची वॅगन आर पेट्रोल, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. पुणे-सातारा येणंजाणं चालू असतं. हायवेला ७०-८० ने कितीही पळवा, काटा जागचा हलत नाही. पण कात्रजला ट्रॅफिकमध्ये अडकलं की चढायला लागतो, आणि पुण्याहून येताना खंबाटकीत ट्रकच्या मागं सेकंडला रांगावं लागलं की डायरेक्ट एच (हॉटची खूण) जवळ. मग एसी बंद, हीटर फुल्ल, काचा खाली, असं करत कसाबसा घाट काढतो, बायको म्हणते गाडी विका नाहीतर मला एसटीनं पाठवा. मेकॅनिकनं आधी फॅन डायरेक्ट केला (सेन्सर गेला म्हणे, आता डॅशबोर्डला बटण आहे), मग थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा) काढून टाकला, मग वॉटर पंप बदलला, आता म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलावं लागेल, १०-१२ हजार धरून चला. गाडीची किंमतच किती उरलीय राव.

ग्रीसवाले_हात:
थांबा, हेडला एवढ्यात हात लावू देऊ नका. हायवेला गार आणि रांगताना गरम, यातच निम्मं उत्तर आहे. वेगात असताना समोरची हवा आपोआप रेडिएटरमधून जाते, हळू चालताना सगळा भार फॅनवर. रेडिएटर आतून चोक असता तर हायवेला ताणल्यावर पण काटा वर गेला असता.
आता एक करा. गाडी चालू ठेवा, फॅनचं बटण दाबा आणि पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. कागद जाळीला चिकटायला पाहिजे. तुमच्या अंगावर उडाला तर फॅन उलटा फिरतोय. डायरेक्ट करताना दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, आवाज येतो, पाती फिरताना दिसतात म्हणून कुणाला शंका येत नाही आणि तो बिचारा इंजिनची गरम हवा परत रेडिएटरवर मारत बसतो. असल्या गाड्या हेड घासून प्लेन करून आलेल्या पण बघितल्यात मी.

घाटवाला_कराड:
फॅन बघाच, पण सीएनजी किट विसरू नका. गॅसचं प्रेशर उतरताना रिड्यूसर बर्फासारखा गार पडतो, म्हणून त्याला हीटरच्या पायपातून टी मारून गरम पाणी दिलेलं असतं. तिथली क्लिप सैल झाली की थेंब थेंब गळतं आणि इंजिनच्या गरमीनं जागीच वाळतं, खाली ओलं काही दिसत नाही. पाणी कमी झालं की आत हवा शिरते, हवा अडकली की पाणी फिरत नाही. आणि आत काय भरलंय, कूलंट का बोअरचं पाणी?

जुना_ड्रायव्हर:
वॉल काढला ते चांगलंच केलं. आमच्या ट्रॅक्सला कधीच वॉल नव्हता, कधी तापली नाही.

ग्रीसवाले_हात:
काका, जुन्या डिझेलचं चालून गेलं असेल, ही इंजेक्शनची गाडी आहे. वॉल साधारण ८२ डिग्रीला उघडतो. तो नसला की इंजिन गरम व्हायला उशीर लावतं, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं ते वेगळंच. नवीन वॉल काही महाग नाही, बसवून टाका.

जुनी_वॅगनार:
कागद उडाला!! बाजूच्या इलेक्ट्रिशियनकडनं वायरी बदलून घेतल्या, काल कात्रजला एसी लावून भरपूर वेळ अडकलो तरी काटा मध्यावर. खंबाटकी अजून बघायचाय. पण रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी अजूनही कमी होतंय. आणि हो, बोअरचंच पाणी आहे.

ग्रीसवाले_हात:
मग आता पाण्याच्या मागं लागा. सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. रेस केल्यावर सारखे येतच राहिले तर हेडखालच्या गॅस्केटवर (सीलवर) संशय. ऑइलची काडी पण बघा, ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी आत जातंय. झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आतलं पाणी प्रेशरखाली असतं, १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सुटलं की एकदम उसळून तोंडावर येतं.

जुनी_वॅगनार:
बुडबुडे थोडा वेळ आले मग थांबले, ऑइल साफ आहे. रिड्यूसरच्या टीला बोट लावलं तर पांढरी पावडर लागली.

घाटवाला_कराड:
सापडलं की मग. ते बोअरच्या पाण्याचे क्षार. नुसती क्लिप आवळू नका, पाइप कडक झाला असेल तर परत गळणार, तेवढा तुकडा नवीनच टाका. मग रेडिएटर फ्लश करून कूलंट भरा, हीटर गरमवर ठेवून आणि गाडीचं तोंड चढाला करून भरा म्हणजे हवा निघून जाईल.