अर्धवट राहिलेली एमजीबी विकायचीय, पण सुटी करून नाही. तुम्हाला काय वाटतं?

लेस्टरकर
माझ्या गॅरेजमध्ये 1968 ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे पक्कं छत नसलेली जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. वायर व्हील्स (तारांच्या आऱ्यांची चाकं), ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जास्तीचा गिअर), मूळ रंग टार्टन रेड. 2017 ला घेतली तेव्हा कुरकुरत का होईना स्वतःच्या चाकांवर घरी आली होती, खोलली मीच. आता पाठीचं ऑपरेशन झालंय, घर लहान करायचं ठरलंय, आणि ही गाडी माझ्या हातून पुरी होणार नाही हे मान्य करायलाच मला दीड वर्ष लागलं.

झालंय काय तर इंजिन पूर्ण उघडून बांधलंय, अनलेडेड पेट्रोल चालावं म्हणून हेडमध्ये टणक व्हॉल्व्ह सीट घातल्यात. डावी सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ तुळई, नवी आहे, आतपासून बाहेरपर्यंत सगळे पदर. उजवी सिल बाकी, उजवा फ्लोअर बाकी, रंग बाकी. वायरिंगचा नवा लूम खोक्यात तसाच पडून आहे. कागद माझ्या नावावर आहेत, गाडी रस्त्यावर नाही म्हणून सॉर्न केलेलं आहे, म्हणजे सरकारला तसं रीतसर कळवलंय.

ओळखीतले सगळे म्हणतात सुटी करून विक. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, क्रोम बंपर वेगवेगळे काढले तर साडेतीन-चार हजार पौंड होतील, आख्खी दिली तर दोन हजार मिळाले तरी खूप. हिशोब मलाही कळतो. पण माझं मत ठाम आहे, आख्खीच विकायची. सुटी केली की मागे उरते ती बॉडी, एक सिल चांगली आणि एक कुजलेली, तिला कोणी घेणार नाही, ती थेट भंगारात जाणार. म्हणजे ज्या कामात माझे सगळ्यात जास्त तास गेले तेच आधी मोडीत. आणि दारं, बॉनेट, बूट (डिकी) हे सगळं कारखान्यात ह्याच बॉडीला जमवून बसवलेलं आहे, ते दुसऱ्या गाडीला जसंच्या तसं बसत नाही.

स्विंडनचा भाऊ
दादा, तुमच्या भावना समजतात पण मी पूर्ण विरोधात आहे. 1962 ते 1980 मध्ये पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, ही काही शेवटची नाही. तुमचा ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स एका गाडीत जाईल, चाकं दुसरीत, बांधलेलं इंजिन तिसरीत, आणि त्या तिन्ही गाड्या येत्या उन्हाळ्यात रस्त्यावर असतील. आख्खी विकलीत तर काय होतं सांगू? मी स्वतः असाच प्रोजेक्ट घेतला होता, मी तिसरा मालक, माझ्या आधीच्या दोघांनी प्रत्येकी एक हिवाळा काम करून सोडून दिलेलं, आणि प्रत्येक हातबदलात एकदोन खोकी गायब. मलाही झेपलं नाही. चौथ्याला विकली, ती आजही ताडपत्रीखाली आहे. गाडी वाचवल्याचं समाधान तुम्हाला मिळेल, गाडी मात्र कुजतच राहील.

कोल्हापूरचा टॅपेट
मी इंग्लंड पाहिलं नाही पण हे इंजिन माझ्या ओळखीचं आहे. आमच्या वडिलांच्या गॅरेजला ॲम्बॅसिडर यायच्या, त्यांचं जुनं 1489 सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं 1798 सीसी, दोन्ही एकाच बी-सिरीज घराण्यातली. फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, घालून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करताना एका विशिष्ट जागी पातं जरासं अडतं, तो अडकाव मला अजून बोटांत जाणवतो. आता मुद्दा. आमच्याकडे ॲम्बॅसिडर होत्या तेव्हा लोकांनी असंच केलं, इंजिन काढ, डिफरन्शियल काढ, बॉडी किलोवर घाल, कारण गाड्या तर ढिगानं आहेत. 2014 ला उत्पादन थांबलं. आज वडिलांची आठवण म्हणून मला एक धड जुनी पेट्रोल गाडी हवीय तर पार्ट मिळतात पण गाडी मिळत नाही. लेस्टरकर, आख्खीच द्या.

मीना, मँचेस्टर
आख्खी द्या ह्याला माझं हो आहे, पण एका अटीवर, आणि ती मी घेणाऱ्याच्या बाजूनं सांगतेय. ही गाडी बिनछताची आहे, वेगळी चॅसी नाही, सगळा जोर सिलवर. दाराच्या पोकळीत आडवा पाइप वेल्ड न करता सिल कापली की बॉडी मधे बसते, आणि त्याच स्थितीत नवी सिल जोडली की ती तशीच वाकडी राहते. ती परत कापून सरळ केली नाही तर नव्या शेलशिवाय, म्हणजे नव्या रिकाम्या बॉडीशिवाय, मग उपाय नाही, आणि इंग्लंडमधल्या विटनीला बनणारी नवी शेल दहा हजार पौंडांच्या वर जाते, त्यापेक्षा चांगली चालती गाडी स्वस्त पडेल. तुम्ही पाइप लावला होता का? वेल्डिंगचे, रंग लागायच्या आधीचे फोटो आहेत का? नसतील तर तुम्ही म्हणता ते "झालेलं काम" मी शून्य धरेन, राग मानू नका.

लेस्टरकर
मीनाताई, राग कसला, बरोबर जागी बोट ठेवलंत. पहिल्यांदा मी पाइप न लावताच कापली होती. कोणीतरी सांगितलं चालतं, मी ऐकलं. दार लावून बघितलं तर मागच्या वरच्या कोपऱ्यात जेमतेम 2 मिलिमीटर फट, खाली मात्र बोट जाईल एवढी. त्या रात्री झोप लागली नाही. नवीन सिल परत कापून काढली, पाइप लावला, जॅकनं थोडं थोडं उचलत वरची-खालची फट सारखी आणली आणि मग पुन्हा वेल्ड केली. दोन्ही वेळचे फोटो आहेत, चुकीचेही. जाहिरातीत दोन्ही टाकतो.

स्विंडनचा भाऊ
हे प्रामाणिक आहे, मानलं. पण माझं मत बदललेलं नाही. उजवी सिल कापायला जो बसेल तो तुमच्याइतका धीर धरेल कशावरून? तुम्ही चूक परत उघडलीत, बहुतेक लोक वरून पुट्टी भरून रंग मारतात. निदान गिअरबॉक्स तरी वेगळा विका, माझ्याच ओळखीत एकाची गाडी त्याच्यासाठी अडलीय.

मीना, मँचेस्टर
गिअरबॉक्स काढला की दोन हजारही कोणी देणार नाही. आणि ज्याला ही गाडी हवी आहे तो त्याच ओव्हरड्राइव्हसाठी फोन करेल.

लेस्टरकर
भाऊ, गिअरबॉक्स नाही काढणार, माफ करा. तुमचा खोकी हरवण्याचा मुद्दा मात्र मनाला लागला. माझे सगळे नट-बोल्ट प्लास्टिकच्या पिशव्यांत आहेत, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठ्या सगळ्या मराठीत. "डावं दार वरची बिजागरी, पातळ वॉशर आत." तेव्हा दुसरं कोणी वाचेल असं वाटलंच नव्हतं. कालपासून खाली इंग्रजीत लिहायला बसलोय, 140 पिशव्या आहेत, 60 झाल्या. शनिवारी डर्बीहून एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर बघायला येतेय, फोनवर तिनं पहिला प्रश्न दाराच्या फटीबद्दलच विचारला. तोवर उरलेल्या 80 संपवतो.